रस्ता बंद, टपाल चालू

ता. ३ सप्टेंबर

चि. ठिणगीस,

अनेक आशीर्वाद. तू पोचलीस, गाडी भाड्याने घेतलीस आणि निघालीससुद्धा, हे तू फोनवर आत्याला सांगितलंस. मला सांगावंसं वाटलं नाही. मला ऐकू येत नाही हे खरं, पण वाचता येतं. टेबलावर चार ओळींची चिठ्ठी ठेवून गेली असतीस तर तुझे हात झिजले नसते. तीन गावांच्या टपाल कचेऱ्यांचे पत्ते तेवढे आत्याकडे ठेवलेस, म्हणून लिहितो आहे.

एक्केचाळीस वर्षांची बाई, दंतवैद्यांसाठी कवळ्या करणारी, एकटीच उठते आणि परक्या मुलखातल्या घाटात गाडी घालते, याला हौस म्हणत नाहीत. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. त्या रस्त्यावर सुरुंग लावण्यात मी अकरा वर्षं काढली आणि दोन्ही कान तिथेच ठेवून आलो. तिथे बघण्यासारखं काय आहे ते मला विचारायचंस. दगड आहेत, असं मी सांगितलं असतं.

आता गेलीच आहेस तर ऐक. उतारावर दुसऱ्या गिअरच्या वर जाऊ नकोस. ब्रेकवर पाय ठेवून बसलीस तर ते तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात. आंधळ्या वळणावर हॉर्न वाजव. दुसऱ्या बोगद्याच्या पलीकडे वरचं गाव लागेल. पत्र घ्यायचं, पेट्रोल भरायचं आणि पुढे व्हायचं. जुन्या लोकांना गाठून नसत्या चौकश्या करत बसू नकोस.

इकडे सगळं ठीक. माझी तब्येत उत्तम आहे. तू केलेली नवी कवळी खालून टोचते, पण तुझ्यावरच्या रागाने ती डब्यात ठेवली आहे, त्यामुळे तूर्त तक्रार नाही. आत्याचे आशीर्वाद. कळावे. राग आहे, पण लोभही आहेच.

तुझा बाबा


ता. ८ सप्टेंबर

ती. बाबांस,

शि. सा. नमस्कार. विनंती काहीच नाही, म्हणून वि. वि. लिहीत नाही.

तुमचं पत्र आज पहिल्या गावी मिळालं. गाडी ठीक आहे, ब्रेकही ठीक आहेत. रस्ता बघून मात्र माझी बोलती बंद झाली. एका बाजूला सरळ कडा, दुसऱ्या बाजूला काहीच नाही, आणि खाली नदी शिवणाच्या दोऱ्याएवढी. समोरचे बर्फाचे डोंगर दर वळणावर अंगावर आल्यासारखे वाटतात. काल एका ठिकाणी गाडी बाजूला घेऊन उतरले. कड्यावर वरून खाली अर्धगोल खाचा आहेत, शेकड्यांनी. सुरुंग उडाला की भोकाचा अर्धा भाग दगडावर राहतो, असं तुम्ही मला लहानपणी सांगितलं होतं. मी एका खाचेत बोट फिरवलं. ऊर भरून आला. आणि पाठोपाठ असा संताप आला की दहा मिनिटं गाडी सुरू करता येईना. एवढा डोंगर फोडणाऱ्या माणसाला एकदा, फक्त एकदा, खाली उतरून घरी येणं जमलं नाही.

दगड बघायला मी आलेली नाही, बाबा. आई गुरुवारी गेली. तार शुक्रवारीच मिळाली, असं तुमच्या कंपनीने लेखी कळवलं होतं. तुम्ही आलात महिन्याभराने. आणि मधल्या काळात तुमची पत्रं आली, एक नाही, तीन. पुढच्या तीन सोमवारच्या तारखांची. तब्येत मजेत आहे, काल बर्फ पडलं, आईला सांग गुडघा शेकत जा. मी बारा वर्षांची होते, आणि ती पत्रं मोठ्याने वाचून दाखवायला घरात कुणी उरलं नव्हतं.

रस्ता बंद होता, असं तुम्ही त्यावर एकदाच म्हणालात आणि नंतर मूग गिळून बसलात. रस्ता बंद होता तर टपाल कसं चालू होतं? पाकीट खाली उतरतं आणि माणूस उतरत नाही, असा कुठला रस्ता असतो? तो रस्ता मी आता स्वतः चालवून बघते आहे. आई गेली तेव्हा तुम्ही कुठे होतात, एवढंच मला सांगा. हे पत्र तुम्हाला चार दिवसांत मिळेल. उत्तर वरच्या गावी पाठवा. आत्याला नमस्कार. लोभाचं उत्तर आल्यावर बघू.

तुमची ठिणगी


ता. १४ सप्टेंबर

चि. ठिणगीस,

अनेक आशीर्वाद. एव्हाना तू वरच्या गावी पोचली असशील. थंडी असेल, डोकं झाकून घे. टायरमधली हवा सकाळी बघावी, ऊन चढल्यावर नव्हे. तुला सांगून उपयोग काय म्हणा, पालथ्या घड्यावर पाणी. लहानपणी सायकलचा ब्रेक तुटलेला असताना उतारावर गेलीस आणि भाजीवाल्याची टोपली घेऊनच थांबलीस, ते मी विसरलेलो नाही.

माझी तब्येत उत्तम. सकाळी चौकापर्यंत फिरून आलो, मग वर्तमानपत्र वाचलं. आत्या नेहमीप्रमाणे माझ्यावर ओरडते आणि मला ऐकू येत नाही म्हणून आणखी ओरडते. एकूण मजेत आहे. तिथे रेंगाळू नकोस. कळावे. माया आहे, ती रागावूनही कमी होत नाही.

तुझा बाबा


ता. १९ सप्टेंबर

ती. बाबांस,

आज नमस्कारसुद्धा करवत नाही. तो आल्यावर करीन.

काल वरच्या गावच्या टपाल कचेरीत गेले. एक खिडकी, एक शेगडी आणि खिडकीमागे सत्तरीची एक बाई. तुमचं पाकीट माझ्या हातात देण्याआधी तिने ते उजेडात धरलं. डावीकडे कललेली अक्षरं बघून ती हसली आणि मला विचारलं की सुरुंगवाला तुझा कोण. तुमच्या टोळीने शिकवलेले आपले चाळीसेक शब्द तिला अजून येतात, त्यातल्या निम्म्या शिव्या आहेत. उरलेल्या निम्म्यांत आणि हातवाऱ्यांनी तिने मला जे सांगितलं, ते तुम्ही मला एकोणतीस वर्षांत सांगितलं नाहीत.

हिवाळ्यात तुमची टोळी गावाच्याही पुढच्या, तिसऱ्या बोगद्यापलीकडच्या वरच्या छावणीत राहायची. तिथून टपाल उतरायचं नाही. म्हणून वर जाण्याआधी तुम्ही तिच्याकडे पत्रांचा गठ्ठा ठेवायचात, पुढच्या तारखा घालून, आणि ती दर सोमवारी एक पेटीत टाकायची. त्या वर्षी बोगद्याच्या तोंडावर डोंगर कोसळला. तुम्ही चाळीस माणसांसह सव्वीस दिवस आत अडकलात. तार कंपनीच्या खालच्या कचेरीत पडून होती. कचेरीला मिळाली, म्हणजे तुम्हाला मिळाली, असं कंपनीने धरलं. आणि ती बाई सांगितल्याप्रमाणे दर सोमवारी पाकीट टाकत राहिली.

म्हणजे रस्ता खरंच बंद होता. तुम्ही खोटं बोलला नव्हता आणि मी एकोणतीस वर्षं तुम्हाला खोटारडा समजत आले. माझी चूक झाली, हे कबूल करते. पण बारा वर्षांच्या पोरीला एका वाक्यात सांगण्यासारखं हे होतं. का सांगितलं नाहीत?

थांबा, राग संपलेला नाही. आता खरा सुरू होतो. तुमचं १४ तारखेचं पत्र मी तिथेच शेगडीजवळ वाचलं. माझं पत्र तुम्हाला बाराला मिळालेलं असणार. त्यातल्या एकाही शब्दाला उत्तर नाही. टायर आहेत, टोपली आहे, चौकापर्यंतचा फेरफटका आहे. मग तुमचं तीन तारखेचं पत्र काढून शेजारी ठेवलं. तीच शाई, तोच कागद, दोन्हीकडे एकाच जागी निब अडखळलेलं. बाईला दाखवलं. तिने दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून उजेडात धरले.

तुम्ही हे माझ्याशीही केलंत? ही दोन्ही पत्रं एकाच दिवशी बसून लिहिलीत ना? मग चौदा तारखेला तुम्ही कुठे होतात? आज कुठे आहात? घरी चार वेळा फोन केला, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, परत आज सकाळी. कुणी उचलत नाही. आत्या बाजारातसुद्धा जात नाही आणि फोन वाजून वाजून बंद पडतो.

विमानाचं तिकीट तीस तारखेचं आहे. आधीचं मागितलं, मिळत नाही. तिसऱ्या गावी मी अठ्ठावीसला पोचते. तिथे मला पत्र हवं, ज्या दिवशी लिहिलं त्या दिवसाची तारीख असलेलं. शिव्या घाला, पण त्या आजच्या असू द्या. तुम्ही आहात एवढं मला कळू द्या, बाबा.

ठिणगी


ता. २४ सप्टेंबर

चि. ठिणगीस,

आशीर्वाद. तुझी दोन्ही पत्रं काल आत्याने दवाखान्यात आणून दिली. अक्षर वेडंवाकडं येतंय. नर्सने दोनदा पेन काढून घेतलं, आता ती जेवायला गेली आहे.

आधी त्या टपालवालीला सांग की मरेपर्यंत तोंड उघडणार नाही असं तिने मला कबूल केलं होतं. आणि तुला सांगतो, बाप कुठे आहे हे घाटातून चार-चार फोन करून विचारणाऱ्या पोरीचं गाडीवर लक्ष कुठे असणार? अठ्ठावीसला पोचते म्हणे. ते अंतर दहा दिवसांचं आहे, त्याच्या आधी पोचलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

पाच तारखेला पोटाचं ऑपरेशन झालं. गाठ होती. कसली, ते कळायला अजून आठ दिवस आहेत. तारीख तू निघण्याआधीच ठरली होती. तू जाणार हे आत्याकडून कळलं होतं. सांगितलं असतं तर तू गेली नसतीस आणि मग जन्मभर ते मला ऐकवलं असतंस. म्हणून तीन तारखेला तीन पत्रं लिहून आत्याकडे दिली. त्यांत तुला रागवलो ते मुद्दाम. मी गोड बोललो असतो तर तुला लगेच संशय आला असता.

तेव्हा का सांगितलं नाही? तुझी आई माझं प्रत्येक पत्र शेजारणीला वाचून दाखवायची. काल त्यांच्याकडे बर्फ पडलं, आज ऊन आहे, असं. तिचं सगळं घड्याळ त्या पत्रांवर चालायचं. ती पत्रं मी दर वर्षी एका दुपारी, एका बैठकीत लिहीत होतो, आणि बर्फ मनानेच पाडत होतो. हे सांगितलं असतं तर ती गेल्यावर तिचे सगळे हिवाळे खोटे ठरले असते. तिला आलेली ती पत्रं तू उशाशी घेऊन झोपायचीस. तुझा राग मला परवडला.

मी कुठे होतो, तर बोगद्याच्या तोंडाशी, हातात फावडं घेऊन. सत्ताविसाव्या दिवशी खाली आलो आणि साहेबांनी तार दिली. तोवर घरी माझी तीन पत्रं पोचली होती, आणि तिन्हींत मी मजेत होतो.

उद्याच्या तारखेचं तिसरं पत्र आत्याच्या पिशवीत तयार होतं. त्यातही मी मजेत आहे आणि चौकापर्यंत फिरून आलो आहे. ते तिला माझ्यासमोर फाडायला लावलं. आज मला फार दुखतंय, ठिणगे, आणि त्या गाठीची भीती वाटते. उद्याचं उद्या लिहीन.

तुझा बाबा