एका छताखाली दोन वह्या

१२ जानेवारी २००३
आयोवा! कॅरी शहरातलं अपार्टमेंट सोडून आम्ही तिघं एरिकच्या आईकडे, इंगरबाईंकडे राहायला आलो. गाव एवढंसं, पण निम्म्या पाट्यांवर डॅनिश आडनावं. पाच वर्षांची देवयानी बर्फ बघून वेडीच झाली. सासूबाईंनी सफरचंदाचा केक केला होता. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी पाहुण्यांपुढे मी अजून 'एरिकची बायको'च. शरयू म्हणताना जीभ झिजत असेल. असू दे, आज मी खुशीत आहे. त्यांना घराण्याचा माग डेन्मार्कपर्यंत काढायचाय आणि घरात कॉम्प्युटर मलाच येतो.

१६ जानेवारी
चर्चच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी दोन वह्यांत आहेत. मूळ वही चर्चमध्ये, तिची नक्कल शाळेत. डेन्मार्कची जुनी चाल अशी, की दोन्ही वह्या एका छताखाली रात्रभर ठेवायच्या नाहीत. आग लागली तर एक तरी वाचावी म्हणून. मी म्हटलं, आमच्याकडे याला बॅकअप म्हणतात. सासूबाई हसल्या नाहीत. आगीचं कारण परक्यांना सांगायला असतं, म्हणाल्या. परकी म्हणजे मी.

२२ जानेवारी
बग सापडला! १८८४ साली घटसर्पात रासमुस नावाच्या शेतकऱ्याची मुलं गेली. चर्चच्या वहीत चार, शाळेच्या वहीत तीन. चौथी कारेन, वय पाच. हीच पुढे सासूबाईंची आजी झाली, म्हणजे चर्चची वही चुकली. पण दहा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग केलंय मी. दोन्ही शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून पाहिल्याशिवाय चैन पडणार नाही. या बर्फात रोज दोन ठिकाणी कोण जाणार? दोन्ही वह्या घरी आणल्या. सासूबाईंना सांगितलं नाही. त्या तरी मला कुठे काय सांगतात?

२३ जानेवारी
शाळेच्या वहीतही आज चार मुलं. चौथ्या ओळीत कारेन, तीच जुनी तपकिरी शाई. काल ती ओळ नव्हती, शपथेवर सांगते.
सासूबाईंची खोली रिकामी. पलंगसुद्धा नाही. एरिकला विचारलं, तर म्हणाला, मला आई नव्हतीच, मी अनाथाश्रमात वाढलो, असं काय विचारतेस?

२४ जानेवारी
सकाळीच दोन्ही वह्या आपापल्या जागी परत नेऊन ठेवल्या. उपयोग नाही. दोन्ही वह्या आता जुळतात. जन्मभर हेच तर केलं मी — जुळवाजुळव.
एरिकचे कपडे नाहीत. शेजारीण म्हणते, तू तर मुलीला घेऊन एकटीच आलीस. लग्नाच्या फोटोत मी रिकाम्या जागेकडे बघून हसतेय.
मी त्यांच्या रक्ताची नाही म्हणून उरले. काय मान दिलाय!
पण देवयानी — ती त्यांच्या रक्ताची आहे.

२५ जानेवारी
चर्चमध्ये जाऊन कारेनची ओळ ब्लेडने खरवडली. पुन्हा उमटली. पुन्हा खरवडली —
सासूबाईंचं नाव आठवेना. या डायरीचं मागचं पान उलटून बघितलं. नवऱ्याचंही.
देवयानीला मांडीवर घेऊन बसलेय. का रडतेस, विचारते. झोपायचं नाही. हात सोडायचा नाही. हात —

२६ जानेवारी
मांडीला मुंग्या आल्यात. कशाने कोण जाणे.
घर शांत. दारात बूट दिसले. ओले. एवढेसे. कुणाचे? या घरात लहान मूल तर कधी