हरकती : एक

४ फेब्रुवारी, मंगळवार

लाकडाच्या वखारीची फाइल आज माझ्या टेबलावर आली. वखारीच्या जागेवर नऊ मजले, बहात्तर घरं. नकाशा उलगडला. एवढ्या उंच इमारतीपर्यंत आगीचा बंब पोचायला रस्ता रुंद हवा, म्हणून गल्लीच्या डाव्या हाताच्या अकरा घरांवरून लाल रेघ ओढली आहे. सातवं घर दादाचं. रेघ त्याच्या पुढच्या खोलीच्या मागच्या भिंतीवरून जाते, म्हणजे पुढची खोली अख्खी गेली. त्या खोलीतच त्याचा छापखाना. मागे उरतं काय, तर स्वयंपाकघर आणि एक खाट मावेल एवढी जागा.

साहेबांना सांगायला गेले होते की यात माझ्या सख्ख्या भावाचं घर आहे, फाइल दुसऱ्या कोणाकडे द्या. नियमाने सांगायलाच हवं. त्यांनी मान वर केली आणि मी म्हटलं, "पान तीनवर सही राहिलीय." बस्स. का असं केलं, मलाही कळलं नाही. कळलं, पण लिहवत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

दादाकडे गेले. छपाईचे खिळे, ती शिशाची अक्षरं, पुसत बसला होता. एकाहत्तर वर्षं वय, वहिनी जाऊन सहा वर्षं झाली, कामं तर कधीचीच आटली. आता महिन्याला एखादी पत्रिका नाहीतर पावतीपुस्तक. तरी रोज सकाळी मशीनला तेल घातल्याशिवाय चहा घेत नाही.

सगळं सांगितलं. त्याने हातातला खिळा खाली ठेवला नाही. "किती दिवस आहेत?" एवढंच विचारलं.

म्हटलं, हरकती द्यायला अठ्ठावीस तारखेपर्यंत. पन्नासच्या वर हरकती आल्या तर समितीला जाहीर सुनावणी घ्यावीच लागते, गल्लीतल्या माणसांना समोर बसवून ऐकावं लागतं. सुनावणी झाली की नकाशे बदलतात, मी पाहिलंय. पन्नासच्या खाली राहिल्या तर फाइल सरळ मंजुरीला.

"मग तू लिहून दे," म्हणाला. "तुझ्या हापिसाला कळेल अशा भाषेत."

"मी लिहिणं बरं दिसत नाही दादा. मी तिथे नोकरी करते."

"धाकटे, कोण विचारतंय? सही माझी असेल."

स्वयंपाकघरात बसून चौदा ओळी लिहिल्या. चांगल्या उतरल्या, खोटं कशाला बोलू. निघताना पायात चप्पल घालता घालता म्हटलं, "हा नमुना आहे हं. ज्याने त्याने आपापल्या शब्दांत लिहा." त्याने मान डोलावली. खिळे हातात असले की तो कशालाही मान डोलावतो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दादाचा फोन. आवाज दहा वर्षांनी तरुण झालेला. शेजारची शिंपीणबाई दारोदार हिंडतेय, दुपारचं जेवणही उभ्याउभ्याच. किती झाल्या विचारलं तर म्हणाला, "तू फक्त बघत राहा."

२० फेब्रुवारी

साहेब विचारत होते, वखारीवर काही आलं का. म्हटलं, अजून नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आवक खिडकी पाचला बंद होते. पावणेपाचला दादा आला. इस्त्रीचा सदरा, दाढी केलेली, मागे शिंपीणबाई. ठरल्याप्रमाणे अनोळखी माणसासारखा म्हणाला, "बाई, पोच द्या." तपकिरी कागदात बांधलेला गठ्ठा होता. मी सुतळी सोडली.

छापलेल्या! एकूण एक छापलेल्या. पिवळसर जाड कागद, भोवती बारीक चौकट, मथळा ठळक, खाली माझ्या चौदा ओळी, आणि शेवटी नाव-सहीसाठी ठिपक्यांची रेघ. एकशे सत्त्याऐंशी. कुठे डाग नाही, एक अक्षर वाकडं नाही. इतकं देखणं काम त्याच्या हातून कित्येक वर्षांत झालं नसेल.

"हात लावून बघा," दादा म्हणाला, "शाई पुसली जायची नाही."

आणि मला मोठ्या बाई आठवल्या. माझ्याआधी या टेबलावर त्या होत्या. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी शिकवलं होतं, "एकाच मजकुराचा छापील गठ्ठा आला की वरची एक काढायची आणि बाकीच्या तिच्यामागे टाचायच्या. ती एकच हरकत. नाहीतर उद्या कोणीही उठेल आणि हजार छापून आणेल." बावीस वर्षं मी तेच करत आले. इतकं अंगवळणी पडलंय की बाहेरच्यांना हे ठाऊक नसेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. दादाला नमुना दिला, पण हे सांगितलं नाही.

हळू आवाजात म्हटलं, "आपापल्या शब्दांत सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतंस. पण कागद समोर आला की लोक घाबरतात. दोघांनी लिहिलं, त्यात नुसत्या शिव्या. आणि हाताने खरडलेलं वाचतं कोण गं? छापलेलं माणूस मान देऊन वाचतं."

खिडकीवर 'गं' म्हणाला. शिक्के मारणाऱ्याने मान वळवून पाहिलं.

पंधरा मिनिटांत पन्नास जणांना बोलावून पन्नास तऱ्हांनी कुठून लिहून घेणार? शिक्का मारला. पोच दिली. दोघं खुशीत गेली.

१ मार्च, शनिवार

घरात नुसती येरझारा घालतेय. १८७ लिहिलं तर? साहेब गठ्ठा हातात घेऊन बघतातच. बघितला की विचारणार, हा मजकूर कोणाचा? 'सबब, उपरोक्त बाब विचारात घेता' असं त्या गल्लीत कोण बोलतं? माझं अक्षर नाही, पण भाषा माझीच आहे, आणि साहेब ती बावीस नाही तरी नऊ वर्षं वाचतायत.

ह्यांना विचारलं. पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "नियम तो नियम. पेन्शनला चार वर्षं राहिलीत तुझ्या." राग आला. मला हेच ऐकायचं होतं म्हणून जास्तच आला.

३ मार्च, सोमवार

टिपणी दिली. 'हरकती : एक (सह्या १८७).' तेवढा कंस घालून मनाची समजूत काढली होती. साहेबांनी कंस खोडला. "एक तर एक. बाकीचं कशाला?" मी स्वच्छ प्रत करून दिली.

आपलेच दात, आपलेच ओठ.

१८ मार्च, मंगळवार

समितीची सभा. वखार अकराव्या नंबरावर. मी इतिवृत्त लिहायला कोपऱ्यात, नेहमीसारखी. मागच्या बाकांवर गल्लीतली तीसेक माणसं येऊन बसलेली. दुकानं बंद करून आली होती. ऐकायला बसता येतं, बोलता येत नाही.

सभापतींनी विचारलं, "हरकती?" साहेब म्हणाले, "एक." एका सदस्याने गाड्या कुठे लावणार ते विचारलं. दुसऱ्याने चहा कधी येणार ते विचारलं. मंजूर. घड्याळाकडे लक्ष होतं माझं, चार मिनिटं लागली.

'एक' ऐकल्यावर मागे कुजबुज झाली. शिंपीणबाई बोटाने मोजल्यासारखं काहीतरी करत होती. दादा माझ्याकडे बघत होता. मी खाली मान घालून 'सर्वानुमते मंजूर' लिहिलं, आणि त्याखाली नेहमीचं वाक्य : अपील तीस दिवसांच्या आत. अपील करणार कशाच्या जोरावर? एकाच हरकतीच्या?

लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

२३ मार्च, रविवार

दादाला कळलंय. एका सदस्याने बाहेर पडताना सांगितलं म्हणे, छापील सगळ्या मिळून एकच धरतात.

मी जाईपर्यंत हा बाकीच्या दहाच्या दहा घरी जाऊन आला होता. प्रत्येक दारात उभं राहून सांगून आला, "माझ्यामुळे झालं. बहिणीने बजावलं होतं, मी ऐकलं नाही." बजावलं कुठे होतं? चप्पल घालताना एक वाक्य टाकलं होतं. शिंपीणबाई त्याच्याशी बोलत नाही. "म्हाताऱ्याला छपाईची हौस, आणि घरं आमची गेली," असं तिने गल्लीभर केलंय.

म्हटलं, "दादा, चूक माझी आहे. मी तुला नियम सांगायला हवा होता."

"तू सांगितलं होतंस. मी हौसेने छापलं." त्याच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. मग म्हणाला, "तो नियम मला वाचायला मिळेल? कुठेतरी छापलेला असेलच ना. एकदा डोळ्यांनी बघतो, म्हणजे सुटलो."

आणते म्हटलं.

२ एप्रिल

कामाच्या रगाड्यात राहून गेलं. खरं सांगायचं तर टाळलं.

६ एप्रिल, रविवार

मशीन नाही. दार उघडलं तर खोली रिकामी. फरशीवर चार पायांचे चार काळे चौकोन, तेल मुरलेले. खिळ्यांचे खण, रूळ, शाईचे डबे, सगळं भंगारवाला गुरुवारी घेऊन गेला. चाळीस वर्षांचे खिळे पोत्यात भरून नेले.

"खोली जाणारच आहे, मग कशाला ठेवायचं?" दादा म्हणाला. पाडकामाला अजून सहा महिने आहेत, हे त्यालाही माहीत आहे. खोलीसाठी नाही दिलं त्याने. त्या मशीनकडे त्याला बघवत नव्हतं.

चहा त्यानेच केला. निघताना पुन्हा, "तो नियम आणलास का?"

९ एप्रिल, बुधवार

तीन दिवस शोधतेय. परिपत्रकांच्या सगळ्या फाइली उपसल्या, धूळ नाकातोंडात. नाही.

साहेबांना विचारलं. "अहो, सगळ्यांना माहीत आहे ते. त्याला कागद कशाला लागतो?"

संध्याकाळी मोठ्या बाईंना फोन लावला. आता नीट ऐकू येत नाही त्यांना, दोनदा ओरडून विचारावं लागलं. म्हणाल्या, "मला आमच्या साहेबांनी सांगितलं होतं. त्यांना कोणी सांगितलं, देव जाणे."

रात्रभर डोळ्याला डोळा लागणार नाही आता.

१६ एप्रिल, बुधवार

सापडला. तळघरातल्या कपाटात, मूळ नियमावली, पान एकेचाळीस. 'मजकूर एकच असला अथवा छापील असला, तरी प्रत्येक सही ही स्वतंत्र हरकत समजावी.' तीनदा वाचलं. याच्या उलट कोणी कधी काही लिहिलेलं नाही. बावीस वर्षांत असे किती गठ्ठे मी एक म्हणून टाचले, आठवतही नाहीत.

एकशे सत्त्याऐंशी होत्या. एकशे सत्त्याऐंशीच!

अपिलाची मुदत उद्या पाचला संपते. त्यात मोजणी चुकली हे लिहावं लागेल, आणि ती कोणी केली हेही. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. पानाची प्रत काढून घेतली आहे, साहेबांना विचारलं नाही.

दादाच्या गल्लीच्या तोंडाशी बसून हे लिहितेय. इथपर्यंत आले आणि पाय उचलत नाहीत. आता त्याच्या दारात जाऊन सांगायचंय — तुझं काहीच चुकलं नव्हतं दादा, मशीन द्यायचं काहीच कारण नव्हतं.