शबानाचा ग्लास तसाच राहिला

गुरुवार, जेवणाआधी

जिंकले मी! आज शबानाला गप्प केलं.

आमच्या वाचन गटात सगळ्या जणी मला हसत होत्या. अजून तीच कादंबरी वाचतेस? त्यातला म्हातारा अजून दार उघडायला उठतोयच व्हय? शबाना तर म्हणालेली, "सोड की ते! साठ पानं झाली, एक दार उघडंना." मलाही वाटलंच होतं, ठेवून द्यावं. उगाच हट्ट कशाला?

पण काल दार उघडलं. आणि दारात कोण! इथंसुद्धा लिहिणार नाही.

आज गट सुटल्यावर आम्ही दोघी दूध कट्ट्यावर, समोर काढलेलं म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला गेलो. शबानाला ग्लास मिळाला. माझ्यासाठी गवळी दुसऱ्या म्हशीची कास चोळत बसला, पण धार येईना. मी म्हटलं, "बघ, हीसुद्धा लगेच पान्हावत नाही. म्हणून गवळी उठून घरी जातो व्हय?" आणि दार उघडतं ते पान काढून पुस्तक तिच्या हातात दिलं. एवढंच वाच म्हटलं.

ती उभ्या उभ्या वाचतच राहिली. म्हैस पान्हावली, माझं दूध पिऊन झालं, तिच्या ग्लासातला फेस पार बसला. पुस्तक परत मागितलं, तर मान वर न करता म्हणते, "थांब की गं, आत्ता कुठं पान्हावलीया!"