पुंजारामची कलमं

संगमनेर, १२ जानेवारी १९७४

चि. इंदुमतीस आशीर्वाद, आणि सोबत थोडा संताप.

पुणतांब्याच्या पुंजारामने आपल्या आळीत सात घरांना गुलाबाची कलमं विकली. दिवाळीआधी सातही घरची छाटणी मीच केली. दुसऱ्या कोणाच्या हाताला शिस्त आहे? आता फांद्यांवर बोराएवढ्या गाठी आल्या आहेत. परवा भर बाजारात मी त्याला लबाड म्हटलं. तो एवढंच म्हणाला, की बाई, माझ्या वाफ्यात गाठ न्हाई, येऊन बघा. चोराच्या दारी जाणं शाळेतल्या नन्सनी मला शिकवलेलं नाही. तेव्हापासून त्याची कलमं कोणी घेत नाही, आणि ते योग्यच आहे. तू बेल्जियमला जाऊन झाडांच्या गाठीच बघत बसतेस ना? मग त्याचा गुन्हा शास्त्रासकट लिहून पाठव.

तुझी, सध्या तापलेली,
मुक्ताआत्या

गेंट, ६ फेब्रुवारी १९७४

ती. आत्यास सा. न. वि. वि.

बाहेर बर्फ पडतो आहे आणि माझ्यापुढे बरणीत एक गाठ आहे. मातीतला एक जंतू झाडाच्या जखमेतून शिरतो आणि ही गाठ आणतो. नवल म्हणजे, नंतर त्याला मारून टाकलं तरी गाठ वाढतच राहते; पाहुणा गेला तरी घर त्याचंच स्वप्न बघत असावं तशी. तो झाडाच्या पेशीत आपल्या वारशाचा एखादा तुकडा ठेवून जातो की काय, असा आमच्या सरांना संशय आहे. तसं ठरलं, तर कधीतरी त्याच्याच हाती गाठीऐवजी काही चांगलं धाडता येईल. दुष्काळी पाथर्डीच्या उन्हात तगणारी तूर, आत्या! मी तासन्‌तास बरणीकडे बघत बसते.

पण त्याला शिरायला जखम लागते. तुझ्या गाठी छाटलेल्या जागीच आहेत का? एका घरून दुसऱ्या घरी जाताना कात्री उकळली होतीस? आणि पहिली गाठ कोणाच्या अंगणात आली?

रागव, पण पत्र पाठव.
तुझी इंदू

संगमनेर, ३ मार्च १९७४

चि. इंदुमतीस आशीर्वाद. संताप या खेपेला माझ्याजवळच ठेवला आहे.

पहिली गाठ माझ्याच अंगणात आली. निवृत्त होताना शाळेच्या बागेतून आणलेल्या जुन्या गुलाबावर, ज्याच्याशी पुंजारामचा काडीचा संबंध नाही. छाटणीही तिथूनच सुरू केली होती. कात्री फक्त पदराला पुसली.

एस.टी.ने पुणतांब्याला गेले. खिडकीबाहेर ऊस डुलत मागे जात होता, आणि मला वाटत राहिलं, की बाजारात मी टाकलेला तो शब्दही तुझ्या बरणीतल्या गाठीसारखा माझ्याशिवाय वाढत असेल. पुंजारामचे सगळे वाफे वाकून वाकून पाहिले. एकही गाठ नव्हती.

बाजाराच्या दिवशी त्याच जागी उभी राहून म्हटलं, की चूक माझ्या कात्रीची, म्हणजे माझी. पुंजारामने हात जोडले. म्हणाला, की बाई, मागल्या खेपेला तुमचा आवाज पार प्रवरेच्या पुलापर्यंत गेल्ता. आज तर मलाच नीट ऐकू आला न्हाई.

मग मी त्याच्या खोक्यावर चढले आणि पुन्हा सांगितलं.

घसा बसला आहे. माया असू दे.
तुझी आत्या