मायसाठी शिडाची होडी

९ नोव्हेंबर, रविवार
होडी आली! गुजरातच्या किनाऱ्यावरून, ट्रकवर. विसरवाडीला ड्रायव्हर चहाला थांबला तर बघायला गर्दी. जुनी आहे, पण शिडाची आहे, आत केबिनसुद्धा. आता आमच्या खळ्यात उभी. मायला शब्द दिलाय, दत्तजयंतीला तापीच्या मधोमध नेऊन नदीची ओटी भरवीन. जन्म काठावर गेला, नाव तापीबाई, आणि मधोमध एकदाही गेली नाही. फक्त आतली साफसफाई बाकी. दोन दिवसांचं काम.

१० नोव्हेंबर
केबिनचं दार उघडलं. शी, शी, शी! कुजकी मासळी, डिझेल, ओली गोधडी. गादी उचलली तर खाली उंदरांचं अख्खं खानदान, निम्मं मेलेलं. दार लावून घेतलं. प्लॅनिंग बाहेर बसूनच नीट होतं.

१३ नोव्हेंबर
सौ. होडीकडे बोट दाखवून म्हणे, हाई काय लई उनात? वासमुळे भाकर घशाखाल उतरी नही ऱ्हायनी. व्हिजन नाही, दुसरं काय.

१८ नोव्हेंबर
तळ खरवडला. काळा, चिकट, केसाळ थर. केस कुणाचे? साबण, राख, रॉकेल, सगळं झालं, हाताचा वास जाईना. चमच्याने जेवलो.

२२ नोव्हेंबर
लिंबाच्या पाल्याची धुरी केली. आयडिया हिट! सगळी झुरळं बाहेर. थेट आमच्या स्वयंपाकघरात. सौ.ने बोलणं बंद केलंय. बरंच झालं, कॉन्सन्ट्रेशन होतं.

२७ नोव्हेंबर
तळाची फळी दाबून पाहिली. बोट आत गेलं, चहात बुडवलेल्या पावात जावं तसं. बोटाला पांढरी अळी. फळी बदलायला हवी, पण म्हणजे खालची घाण पुन्हा उपसा. नको रे बाबा! पुट्टी भरली, वर निळा ऑइलपेंट. काय फिनिशिंग आलंय!

२ डिसेंबर
माय रोज विचारते, मन्ही होडी व्हयनी का? म्हटलं, फर्स्ट क्लास. तिने ठेवणीतलं लुगडं काढलंय. रंग अजून चिकटतोय, पण हे तिला सांगितलं नाही.

४ डिसेंबर, दत्तजयंती
ट्रॅक्टरने होडी पाण्यात. यात्रेच्या घोडेबाजारातली माणसं घोडे सोडून काठावर. नव्या गाडीला फोडतात तसा नारळ फोडायचा होता. लोटन मासेमार म्हणे, काठना दगडवर फोडा. पण माझी मेहनत आतली! नारळ आतच, जोर लावून तळावर आपटला.

नारळ फुटला नाही. तळ फुटला. नारळ खाली नदीत, आणि भोकातून पाणी वर. फळ्यांखालची काळी घाण त्याच्याबरोबर, एका उंदरासकट. मांडीपर्यंत. थू! सगळा काठ हसला. माय ओटी घेऊन लोटनच्या डोंग्यात बसली आणि गेली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

५ डिसेंबर
होडी परत खळ्यात. सौ. बोलली! म्हणे, बकऱ्या बांधा त्यामा. बांधल्या. दावं तोडून बाहेर आल्या.

मायला विचारलं, मधोमध कसं वाटलं? म्हणे, भारी वाटनं. ओटी भरताना नदीकडे काय मागितलं? म्हणे, मन्हा पोऱ्याले अक्कल दे.

जन्मात एकदा मधोमध गेली, आणि ते मागणंही माझ्यावर वाया घालवलं.