पासिंगची पहिली फेरी

बाबा, आज सावनेरच्या पुढच्या तलावावर एक बोट पास करून आले. पँट अजून ओली आहे आणि मी तशीच स्वयंपाकघरात बसून तुम्हाला लिहिते आहे. आई असती तर म्हणाली असती, आधी कपडे बदल, मग काय लिहायचं ते लिही. ती नाही, म्हणून फरशीवर पाणी सांडलंय ते सांडू दे. नंदनवनचं घर तेच आहे, तुमची खुर्ची तीच आहे, आणि तुमची नोकरी आता मी करते हे तुम्हाला ठाऊकच नाही. छोट्या धंद्याच्या बोटी तपासायच्या, तळ बघायचा, इंजिन बघायचं, किती माणसं बसतील ते ठरवायचं आणि खाली सही ठोकायची. नागपुरात लोकांना हे काम सांगितलं की ते हसतात. म्हणतात, मॅडम, इथे समुद्र कुठे आहे? मी म्हणते, बुडायला समुद्र लागत नाही.

तुम्हाला एक गोष्ट विचारायची होती. तुम्ही होतात तोवर विचारली नाही, भीती वाटायची. आम्ही तुम्हाला कोण होतो, आई आणि मी? माणसं, की वजन? हसू नका. चाळीस वर्षं एक मुलगी हे पोटात घेऊन फिरते आहे, आता तर पन्नाशी ओलांडली.

तुमची रीत सगळ्या तलावांवर माहीत होती. जितक्या सीटा तितकी रेतीची पोती बोटीत टाकायची, मग सगळी पोती एका बाजूला सरकवायची आणि बोटीचा काठ पाण्यापासून किती वर राहतो ते तिच्या बाजूवर रंगवलेल्या खुणेवरून बघायचं. एवढं सगळेच करत. पण तुमचं समाधान व्हायचं नाही. "रेती बसून राह्यते. माणूस पाखरू दिसलं का उठते," असं तुम्ही म्हणायचात. आणि मग पोती काढून पहिल्या फेरीला आपली माणसं बसवायचात. सही ज्याची, माणसंही त्याची. रविवारी बाकीच्या पोरी मैत्रिणींकडे जात, आणि मी कुठल्या तरी तलावावर आईच्या शेजारी, नवीन रंगाचा वास सहन करत बसलेली. आजही आठवतं, बोट काठापासून थोडी सरकते, तुम्ही ओरडता, "ऊठ! पळ त्या बाजूले!" आणि मी उठून पळते. मागून आई, देवाचं नाव घेत. बोट कलते, मग ती सावरते. तुम्ही मान डोलावता आणि आमच्याकडे न बघता बोटवाल्याशी बोलायला लागता. तेच मला खुपायचं. एकदा तरी विचारायचं होतं, घाबरलीस का म्हणून.

एकदा मी उठलेच नाही. दुसरी-तिसरीत असेन. तुम्ही ओरडलात, मी बाक धरून बसून राहिले. घरी आल्यावर इथेच, याच ओट्यापाशी, तुम्ही विचारलंत. "काहून उठली नाही तू?" मी म्हटलं, भीती वाटली. "भीती वाटली तं सांगाचं. पण उठाचं. तू उठली नाही तं मले कसं समजल?" आई पोळ्या लाटत होती. तिने लाटणं आपटलं. "माझी लेक काय रेतीचं पोतं आहे? सरकवली इकडे, सरकवली तिकडे!" तुम्ही ओल्या पँटचे पाय वर दुमडलेत. मग म्हणालात, "ज्या बोटीत तुमाले बसवता येत नाही, ते लोकायले कशी देऊ?" आईने पोळी तव्यावर टाकली आणि त्या दिवशी तुम्हाला वाढलं नाही, स्वतःच घ्यावं लागलं. पुढच्या वाढदिवसाला तुम्ही मला फ्रॉकऐवजी लाइफ जॅकेट दिलंत. मोठ्या माणसाचं कापून, सीताबर्डीच्या शिंप्याकडून माझ्या मापाचं करून आणलेलं, नारिंगी. वर्गात सगळ्या विचारायच्या, काय मिळालं? मी सांगितलं, घड्याळ. मला तेव्हा वाटलं होतं की वजन नीट बांधलेलं बरं, एवढाच तुमचा विचार.

तुम्ही गेलात, आणि काही वर्षांनी मी हीच नोकरी धरली. का, ते मलाच माहीत नाही. लग्न झालं नाही, म्हणजे मी केलं नाही आणि नंतर कुणी विचारलंही नाही. पण गंमत बघा, माझ्या पहिल्या पासिंगच्या दिवशी आई आपणहून डबा भरून दारात उभी. म्हटलं, तू कुठे? म्हणाली, "मग, तुले दुसरं कोण आहे बसवाले?" तेव्हापासून प्रत्येक बोटीची पहिली फेरी आई आणि मी. ती तुम्हाला शिव्या देत बसायची, गुडघे दुखतात म्हणून कुरकुरायची, आणि मी ऊठ म्हटलं की उठायची. गेल्या दिवाळीनंतर ती गेली. आजची बोट ही तिच्यानंतरची पहिली.

सकाळी निघाले तेव्हापासून डोक्यात तेच. रस्त्यात खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या धूर ओकणाऱ्या चिमण्या दिसल्या, त्या दिसल्या की आई खिडकीची काच वर करायची. मी उगाचच केली. तलावावर बोटवाला वाट बघत होता. धीवर समाजाचा, तिशीतला, आजवर मासे धरायचा. आता पलीकडच्या देवळात लोकांना नेण्यासाठी फायबरची बोट घेतली आहे. सर्टिफिकेट मिळालं तर धंदा सुरू, नाही तर बोट तशीच काठावर पालथी. मी जॅकेटांच्या ढिगातलं सगळ्यात खालचं ओढून काढलं, कारण वरची नेहमी नवीच असतात. तेही चांगलं निघालं. तळ कोरडा, इंजिन ठीक. पोती भरली, सरकवली, काठ वर राहिला. कागदाने विचारलं असतं तर काम संपलं होतं. मी पेन काढलं आणि सही होईना.

त्याची आई तिथेच झाडाखाली जाळं विणत बसली होती. तिने मला ओळखलं. तोंडावरून तुम्हाला ओळखलं म्हणा. "तुह्या बापानं तुले बसवलं होतं आमच्या डोंग्यात. इत्तीशी होती तू. रडून राहिली होती." मग सुई थांबवून म्हणाली, "तू कोणाले बसवतं वं?" मी म्हटलं, मीच बसते. "तू तं बसशीनच. आपलं कोणी?" मी पेनाला टोपण लावलं. काय सांगणार? माझं कोणी नाही, आजी, मी आणि रेती. बोटवाला ओशाळला, म्हणाला, "जाऊ दे नं माय, मॅडमले काम करू दे." पण म्हातारी उठलीच. साडीचा काष्टा खोचला, जॅकेट अंगावर चढवलं, आणि बोटीत जाऊन बसली. "चाल. मले समज तुही."

आईबरोबर मी स्वतःच बोटीत असायचे; आज माझ्या जागी म्हातारी होती, आणि मला काठावरून तिला ऊठ म्हणायचं होतं. तिचा मुलगा खूण वाचायला उभा राहिला. आणि बाबा, मला ते लांबून म्हणवेना. बोटीत पोती असताना मी हाताने इशारा करते, चहा पिता पिता करते. पण ती तिथे बसलेली, बाकाला धरून, माझ्याकडे बघत. मी चपला काढल्या आणि कमरेइतक्या पाण्यात उतरले, ज्या बाजूला बोट कलणार त्या बाजूला जाऊन उभी राहिले. मग लक्षात आलं की तुम्ही पण इथेच उभे असायचात. दर वेळी. पँट भिजवून घरी यायचात आणि आईची बोलणी खायचात. मला वाटायचं, तुम्ही जवळून खूण बघता. पण इथून खूण दिसत नाही हो. माझ्याच अंगाने पाणी हलत होतं, लाटा खुणेवर चढत होत्या, काही म्हणता काही वाचता येत नव्हतं. खूण लांबूनच वाचायची, हे तर तुम्हीच सगळ्यांना शिकवायचात. मग तुम्ही तिथे खूण बघायला नव्हतात. आम्ही पडलो तर असावं कोणी, म्हणून होतात. एवढं साधं तुम्ही कधी सांगितलं नाहीत, आणि मी कधी विचारलं नाही, आणि आईसुद्धा ओल्या पँटवरून भांडत राहिली. राग आला मला तुमचा. पाण्यात उभी राहून रडले, थोडंसंच.

"उठू का वं?" म्हातारीने विचारलं. मी म्हटलं, उठा. ती उठली आणि गुडघे वाकवून चालत माझ्या बाजूला आली. बोट कलली. मग सावरली. मुलाने काठावरून हात वर केला, खूण कोरडी. म्हातारी वरून माझ्याकडे बघत म्हणाली, "हात काहून पसरले वं असे?" मी हात खाली घेतले.

सही केली. बोट चांगली आहे, तुम्हीही केली असती. हे पत्र कुठे टाकायचं नाही हे मला कळतं, तुमचा पत्ता कोणाकडे नाही. पण एक सांगते, कागदावर नाही लिहिलं ते. बोट कलली तेव्हा मला वाटलं, अजून थोडी कलावी. तपासणाऱ्या बाईच्या मनात असं येऊ नये. पण म्हातारी माझ्या अंगावर पडली असती नं बाबा, आणि आई गेल्यापासून मला कोणी धरलेलं नाही.