ओली होडी पेटत न्हाई

कियामारी बंदर, कराची
ता. ८ जून, सन १९१३, रविवार

गुणा यास उमाजीचा रामराम. मी इकडं बरा हाय. तू, काकू, गोठ्यातली गुरं सगळी बरी असाल असं धरून पुढं लिहितो.

आपली होडी पोरांनी होळीला उचलून नेली म्हणे! तिसऱ्या कार्डातही तेच. पहिल्यात पोरांनी नेली, दुसऱ्यात 'तुझा माझ्यावर इस्वास न्हाई', आणि आता 'मी त्या दिवशी शांताक्काकडं अणशीला होतो, मला काय ठाव'. दर कार्डाला एक नवीन गोष्ट जोडतोस. पुढच्या कार्डात होडीला पाय फुटले आणि ती आपणहून होळीत जाऊन बसली, असं लिहिशील.

एक सांगतो. हे पत्र परशूकडून वाचून घेऊ नकोस. तो टपाल आणतो तेवढं पुरे. त्यानं वाचलं की काळी नदीच्या दोन्ही काठांवर वाचल्यासारखं होतं. तू दुसरी यत्ता पास हायस, मी नापास. मी लिहू शकतो तर तू वाचू शकतोस. अक्षरावर बोट ठेव आणि सावकाश वाच.

शिमग्यात पोरं लाकडं चोरतात, व्हय. आपणही चोरली. बायजाकाकूच्या दाराचा अडसर मी पळवला होता. माळाच्या अलीकडं तिनं माझ्या सात पिढ्या काढल्या आणि माळावर आल्यावर गप नारळ फोडला. कारण होळीच्या माळावर पडलेलं लाकूड देवाचं, मग मालक कुणीही असो. हे मला शिकवायला नको. पण आपली होडी कुणाच्या परसात पडलेलं लाकूड न्हवतं. ती जांभळीखालच्या डोहात तळाला होती. तूच म्हणालास, उन्हाळ्यात कोरडी ठेवली तर तडकेल, माणसं नदीपार नेणारा लाडूतात्या तारी करायचा तसं धोंडे भरून बुडवून ठेवू. मी निघायच्या आदल्या रविवारी आपण दोघांनी तिच्यात एकवीस धोंडे भरले. तू मोजत होतास. ती खाली बसली, वर चार बुडबुडे आले आणि तू म्हणालास, "झोप आता बाई, उमाजी येईस्तोवर."

ती जागा तुला आणि मला सोडून कुणाला ठाव हाय? धोंडे कुणी काढले?

आणि काढले म्हणू. तरी ओली होडी पेटत न्हाई, गुणा. महिना-दीड महिना पाण्यात मुरलेलं आंब्याचं खोड. पंधरा दिवस उन्हात पालथं ठेवल्याबिगर नुसता धूर देईल. आमची तुळजाक्का लिहिते की जाळ जांभळीच्या शेंड्याएवढा उंच गेला. म्हणजे कुणीतरी ती वर काढली, पालथी घातली, रोज फिरवून वाळवली. इतकं जपून तिला कोण वाळवणार? पोरं? पोरांना तेवढा दम असता तर ती पोरं कसली?

तुला खोटं बोलता येत न्हाई. तारेवर कपडे घालावेत तसं सगळं दिसतं.

ती घेतली तेव्हाचं आठवतं का? लाडूतात्यानं नवी होडी केली आणि जुनी काठावर टाकून दिली, पोटाखाली वाळवी, नाकाला चीर. तीन रुपये मागितले. तू म्हणालास, "तात्या, हिच्यात बसून गेलो तर सरळ वरच जाऊ." तात्या म्हणाला, "मग दोन रुपयात अर्ध्या वाटेपर्यंत नेईल, घे." पुरत्या वाटेचे म्हणून शेवटी तीनच दिले. आपण राबायचो त्या लाकूड डेपोला रविवारी सुट्टी. बाकीचे निजायचे, पत्ते खेळायचे, आपण होडीला लागायचो. कुजका भाग तासून काढला. फणसाच्या फळीचं ठिगळ बसवलं. काथ्या पिळून राळेत बुडवून चिरेत ठोकला. काजूच्या टरफलाचं तेल तू हातानंच फासलंस, मी कितीदा सांगितलं की चिंधी घे, आणि तळहाताची साल निघाली. आठ दिवस काकूनं आपल्या लेकाला हातानं भरवलं. मी बाजूला बसून हसत होतो.

अकरा रविवार गेले. बाराव्याला पाण्यात घातली आणि ठिगळाच्या कडेनं पाणी आलं. मी ओरडलो, परत फिरू. तू ठिगळावर टाच दाबून बसलास. "माझी टाच हाय न्हवं? तू वल्हव." गणेशगुडीच्या अलीकडच्या बेटापर्यंत तसाच बसलास. पाय पांढरा पडला, सुरकुतला. बेटावर गळ टाकून दोन मासे मिळाले, ते तिथंच भाजले आणि मीठ घरी विसरलो म्हणून भांडलो. गुणा, इथं मला पोटभर जेवण मिळतं. पण त्या बिनमिठाच्या माशाची चव तोंडातून गेली न्हाई.

इथलं काम म्हणशील तर बोटींचं पोट खरवडायचं. समुद्राचे शिंपले लाकडाला असे धरतात की छिन्नीनं निघत न्हाईत. खालून बघत बघत मान वाकडी झाली. फटीत कापूस ठोकायचं काम मला येतं म्हणून मिस्त्रीनं एकदा दिलं. मी आपल्या पद्धतीनं पिळून ठोकला. मिस्त्री बघत राहिला आणि म्हणाला, हे कुठं शिकलास? मी म्हणालो, गावाकडं, गुणा म्हणून एक हाय त्याच्याबरोबर. तेव्हापासून मला दोन आणे जास्त मिळतात. रविवारी साहेब लोक लहान शिडाच्या होड्या घेऊन हवा खायला जातात. एकानं जुनी होडी घेतली हाय, तो स्वतः गुडघ्यावर बसून रंग काढतो. मी कठड्यावर बसून बघतो. त्याचं चुकतंय हे दिसतं, पण सांगत न्हाई.

रागात लिहायला बसलो होतो, भलतीकडंच गेलो.

गुरुवारी तुळजाक्काचं पत्र आलं. बाजारकुणंगच्या मास्तराकडून लिहून घेतलंय, त्यामुळं निम्मं मास्तराचंच हाय. पण तिचं तेवढं मी ओळखलं. ती लिहिते, होळीच्या दिवशी गुणा माळावरच होता. अणशीला न्हवता. सगळे बोंब मारत होते, हा एकटा तोंड मिटून उभा. होडी पेटल्यावर त्यानं नारळ टाकला आणि घरी गेला. आणखी लिहिते, चैत्रात खानापूरचा अर्जुनशेट आमच्या अंगणात येऊन बसला. पाणी प्याला. आईला विचारायला लागला, उमाजी कधी येतोय. आई काही बोलायच्या आत गुणा आला आणि शेटला कोपराला धरून बाहेर घेऊन गेला. तेव्हापासून गुणा दर रविवारी शेटच्या हिरड्याच्या गोदामात पोती वाहतो. विचारलं तर म्हणतो, "होडी न्हाई, मग रविवारचं करू काय?"

अक्काला त्यातलं काही कळलं न्हाई. मला कळलं. ते वाचून मी जेवलो न्हाई.

आता लिहितोच. तुला ठाव हाय ते तू मला कधी लिहिलं न्हाईस आणि मी तुला सांगितलं न्हाई. मी निघालो तेव्हा तू विचारलंस, "भाड्याला पैसे कुठून आणलेस?" मी म्हणालो, आईनं सोन्याचा डाग मोडला. आईकडं डाग कुठला! अर्जुनशेटला पलीकडून हिरडा आणायला होडी पाहिजे होती. मी त्याच्याकडून सात रुपये घेतले. शिमग्याच्या आधी घेऊन जा म्हणालो, गुणाची हरकत न्हाई म्हणालो. आपण धोंडे भरत होतो त्या रविवारी ते सात रुपये माझ्या कमरेला होते. तू "उमाजी येईस्तोवर" म्हणालास तेव्हा मी वाकून पाण्यात हात धूत होतो. हात केव्हाच धुऊन झाले होते.

मला तिथं राहवत न्हवतं, गुणा. तू जांभळीसारखा हायस, एका जागी बरा. आगगाडीचा आवाज कधी ऐकला न्हवता तरी मला ऐकू यायचा. पण तुला सांगितलं असतं तर तू "जा की, मी धरलंय व्हय?" म्हणाला असतास आणि स्वतःचे पैसे काढून दिले असतेस. ते मला नको होतं. तुझ्याकडून घेण्यापेक्षा तुझं चोरणं सोपं वाटलं.

शेट शिवरात्रीनंतर होडी मागायला आला असणार आणि तेव्हा तुला कळलं असणार. तू म्हणाला असशील, वाळवून देतो. तो खूश होऊन गेला असंल. आणि तू ती वाळवलीस, आणि माळावर नेऊन ठेवलीस, जिथून तो खानापूरचा माणूस अख्ख्या गावापुढं ती उचलू शकणार न्हाई. डोकं चाललं तुझं. मी असतो तर पाठ थोपटली असती.

पण मला का न्हाई लिहिलंस? "उम्या, तू चोर हायस" एवढंच लिहायचं. एका पैशाच्या कार्डात मावलं असतं. त्यापेक्षा तू पोरांची गोष्ट रचलीस, मला तीन वेळा सांगितलीस, आणि तिकडं माझ्या आईच्या अंगणातून शेटला उठवून माझं देणं पाठीवर घेतलंस. पुन्हा टाच लावून बसलास. मला वाटलं होतं, मी फसवलं आणि गेलो, संपलं. आता मी इथं दोन महिने तुला शिव्या घालत होतो आणि तू पोती वाहत होतास. मला इतकं खाली कुणी बसवलं न्हवतं. याला मैत्री म्हणायची का सूड, तूच सांग.

मी तुला माफ केलेलं न्हाई. होडी जाळलीस ते न्हाई, आणि पोती वाहिलीस ते तर अजिबात न्हाई. तू मला कर असंही म्हणत न्हाई.

येत्या रविवारी गोदामात जाऊ नकोस. पाऊस असला तरी जांभळीकडं जा. एकवीस धोंडे कुठं टाकलेस ते बघ, आणि जवळ ओळीनं लावून ठेव. पुढं लागतील का न लागतील, मला ठाव न्हाई.

आईला यातलं काही सांगू नकोस. काकूला माझा नमस्कार.

तुझा म्हणावं का न म्हणावं हे तू ठरव,
उमाजी

काल मनीऑर्डर केली, तुझ्या नावावर. शेटच्या हातावर सगळे एकदम ठेव, राबलेले रविवार त्यातून वजा करू नकोस. परशूनं कमी दिले तर त्याचा कान धर. रुपये सात.